चौरस किलोमीटरमागे आठ माणसे : युरोपच्या विरळ उत्तरेची गोष्ट

१९९४ च्या अखेरीस उत्तर युरोपात सहा आठवड्यांत तीन सार्वमते झाली. १६ ऑक्टोबरला फिनलंड, १३ नोव्हेंबरला स्वीडन, २८ नोव्हेंबरला नॉर्वे. प्रश्न एकच होता : युरोपीय संघात जायचे की नाही? प्रवेशाच्या करारात या देशांच्या विरळ वस्तीच्या उत्तर भागासाठी विकासनिधीची खास तरतूद होती आणि त्या भागातील बहुसंख्य मतदारांनी विरोधातच कौल दिला. ही तरतूद कशी जन्मली आणि तिचे पुढे काय झाले, त्यावर हा थ्रेड.

मागास प्रदेशांना निधी देण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. ब्रिटन आणि आयर्लंड १९७३ मध्ये आत आल्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, युरोपीय प्रादेशिक विकास निधी सुरू झाला. जॅक देलोर आयोगाचे अध्यक्ष असताना, १९८८ मध्ये, त्याची फेररचना होऊन क्रमांकित ‘उद्दिष्टे’ ठरली. सर्वाधिक पैसा पहिल्या उद्दिष्टाकडे जाई. त्याची कसोटी सरळ होती : प्रदेशाचे दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असले पाहिजे. दक्षिण इटली, ग्रीस, पोर्तुगाल, आयर्लंड या कसोटीत चपखल बसत.

उत्तर मात्र बसत नव्हती. नकाशा डोळ्यांसमोर आणा. स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुनाची लोखंडाची खाण, खालच्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प, सभोवार अफाट जंगल. या साऱ्याचे उत्पादन मोजले आणि तिथल्या मोजक्या माणसांनी भागले, की आकडा चांगलाच भरतो. कागदावर हा मुलूख गरीब नव्हताच. पण शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी जिथे तास-तासभर गाडी हाकावी लागते, तिथल्या माणसाची अडचण दरडोई उत्पन्नात दिसत नाही.

ही अडचण निर्माण कशी झाली, हे समजण्यासाठी फिनलंडकडे पाहावे लागते. सोव्हिएत संघाशी झालेल्या युद्धात कारेलिया गमावल्यावर चार लाखांहून अधिक विस्थापितांचे पुनर्वसन करण्याची जबाबदारी फिनलंडवर पडली. शिवाय आघाडीवरून परतलेल्या सैनिकांनाही जमीन हवी होती. १९४५ च्या भूसंपादन कायद्याने त्यांना जमिनी मिळाल्या. पूर्वेला आणि उत्तरेला त्यासाठी जंगल तोडून, दलदल उपसून नवी शेते काढली गेली. एका पिढीने आयुष्य त्यात घातले. उन्हाळ्यात शेत आणि हिवाळ्यात जंगलातली लाकूडतोड, असा तो संसार होता.

मग जंगलात यांत्रिक करवती आणि अवजड यंत्रे आली, हिवाळ्याची मजुरी गेली. दुधा-धान्याचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होऊ लागले, तेव्हा १९६९ मध्ये सरकारने शेत पडीक ठेवणाऱ्याला मोबदला देणारी योजना आणली. लोक तिला ‘शेतांची पुडकी बांधणे’ म्हणत. ज्या राज्याने पंचवीस वर्षांपूर्वी जंगल तोडून शेत करायला सांगितले, तेच आता शेत न करण्याचे पैसे देत होते. १९६९ आणि १९७० या दोन वर्षांत सुमारे ८० हजार फिनिश माणसे स्वीडनला निघून गेली. १९७० च्या निवडणुकीत ‘विसरलेल्या जनते’ची भाषा बोलणाऱ्या वेइको वेन्नामो यांच्या ग्रामीण पक्षाने एका जागेवरून थेट १८ जागांवर झेप घेतली, ती याच रोषावर.

स्वीडनमध्येही नॉरलांडचा अंतर्भाग रिकामा होत होता. कामगारांना दक्षिणेच्या कारखान्यांकडे हलवण्याच्या सरकारी धोरणाला लोकांनी ‘सामानाच्या गाड्यांचे धोरण’ असे नाव दिले होते. नॉर्वेने थोडी वेगळी वाट धरली : १९७५ पासून तिथे मालकांना वेतनावर भराव्या लागणाऱ्या सामाजिक विम्याच्या वर्गणीचा दर प्रदेशानुसार बदलू लागला, दुर्गम भागात तो कमी असे.

हा सारा इतिहास पाठीशी घेऊन तिन्ही देश ब्रसेल्सच्या टेबलावर बसले. त्यांची मागणी होती की गरिबीऐवजी विरळपणा मोजावा. त्यातून करारातील सहावा प्रोटोकॉल आणि ‘उद्दिष्ट ६’ निघाले. निकष : चौरस किलोमीटरमागे ८ किंवा त्याहून कमी माणसे. हा आठाचा आकडा काही निसर्गनियम नव्हे; तो वाटाघाटीत ठरला आणि रेषा कुठून जाईल याची चर्चा साहजिकच गावागणिक झाली. स्वीडनमध्ये अंतर्भाग आत आला, पण किनाऱ्यालगतची मोठी शहरे बहुतांशी बाहेर राहिली. १९९५ ते १९९९ साठी फिनलंडला ५१ कोटी १० लाख, स्वीडनला २३ कोटी आणि नॉर्वेला ३६ कोटी ८० लाख एकू ठरले. (एकू म्हणजे युरोपूर्वीचे हिशेबाचे चलन.)

मग सार्वमते झाली. फिनलंडने ५६.९ टक्क्यांनी होकार दिला, पण लॅपलंड विरोधात गेला. स्वीडनमध्ये ५२.३ टक्के होकार मिळाला. मात्र येम्टलांडमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी नकार दिला. नॉर्वेत ५२.२ टक्के नकार आला आणि अगदी उत्तरेकडच्या फिनमार्कमध्ये तो जवळपास तीन-चतुर्थांश होता. डेन्मार्कहून मोठ्या आकाराच्या त्या जिल्ह्यात तेव्हा लाखभरही लोक नव्हते. याला कृतघ्नता म्हणणे उथळपणाचे ठरेल. मच्छीमाराला आपल्या समुद्राची आणि शेतकऱ्याला आपल्या संरक्षित बाजाराची चिंता होती. दूरच्या राजधानीचा अनुभव घेतलेल्यांना त्याहून दूरची राजधानी नको होती. पाच वर्षांच्या निधीने ती शंका फिटणारी नव्हती.

नॉर्वेचे ३६ कोटी ८० लाख एकू कागदावरच राहिले. फिनलंड आणि स्वीडनमध्ये पैसा लहान उद्योग, शिक्षण, दूरसंचार, ग्रामविकास यांकडे गेला. स्वीडनच्या कार्यक्रमात सामी समाजासाठी स्वतंत्र भागही होता. २००० मध्ये उद्दिष्ट ६ पहिल्या उद्दिष्टात विलीन झाले. पण विरळपणाचा निकष टिकला : २००७ ते २०१३ या काळात अशा प्रदेशांना दर माणशी वर्षाला ३५ युरोंचा खास वाटा मिळाला, पुढच्या सात वर्षांत तो ३० वर आला. दरम्यान, १ डिसेंबर २००९ ला लागू झालेल्या लिस्बन कराराने, अत्यंत विरळ वस्तीच्या अतिउत्तरेकडील प्रदेशांचा उल्लेख थेट संघाच्या मूळ करारात, १७४ व्या कलमात, घातला.

नॉर्वेची गोष्ट मात्र इथे संपत नाही. संघाबाहेर राहूनही युरोपीय आर्थिक क्षेत्रामार्फत सरकारी मदतीचे नियम त्याला बांधील होते. १९९९ मध्ये एफ्टा न्यायालयाने त्याची प्रदेशानुसार बदलणारी वर्गणी ही सरकारी मदतच असल्याचे मान्य केले आणि २००४ पासून बहुतेक भागांतील सवलत टप्प्याटप्प्याने काढावी लागली. ती २००७ मध्ये पुन्हा बऱ्याच प्रमाणात परतली. कारण सरकारी मदतीच्या नव्या नियमांत, वस्ती उठून जाऊ नये म्हणून अतिविरळ प्रदेशांना अशी सवलत देण्यास मुभा मिळाली होती. तिथेही कसोटी तीच होती : चौरस किलोमीटरमागे आठ माणसे. फिनमार्क आणि उत्तर ट्रॉम्समध्ये मात्र त्या मधल्या वर्षांतही वर्गणीचा दर शून्यच राहिला होता.