अभ्रकाची पाने

आमचा साकोलीकडचा मुलूख धानाचा. नागपंचमी आली की घरोघरी साळीच्या लाह्या. तापलेल्या कढईत साळ टाकली, की आतल्या ओलाव्याची वाफ होते. तिला वाट हवी असते, म्हणून दाणा फुलतो. या कढईवरूनच आज एका दगडाचा इतिहास सांगतो.

तो दगड म्हणजे अभ्रक. पोथीचे पान पानावर ठेवावे, तशी त्याची ठेवण. सुमारे १३ व्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात त्याचे चार प्रकार दिले आहेत. ते ओळखायचे कसे? तर विस्तवावर टाकून! पिनाक तापले की पाने सोडते, नाग फुसफुसते, मंडूक बेडकासारखे उडते. वज्र तेवढे जागचे हलत नाही. औषधाला घ्यावयाचे ते वज्रच.

तेही तसेच घेत नसत. लाल होईतो तापवून कांजीसारख्या द्रवात पुन्हा पुन्हा विझवीत. मग चौथाई साळ घालून कांबळ्यात बांधीत, तीन रात्री भिजवीत आणि हातांनी चोळीत. साळीच्या खरखरीत टरफलाने पाने सुटत आणि बारीक कण कांबळ्यातून बाहेर येत. याचे नाव धान्याभ्रक. आपली साळ अशी दगड सोलायलाही कामी आली!

तिकडे १८२४ साली अमेरिकेत टॉमस वेब यांनी अभ्रकासारख्याच एका खनिजाला ‘व्हर्मिक्युलाइट’ हे नाव दिले. तापले की ते अळीसारखे लांबते, म्हणून. त्याच्या पापुद्र्यांत पाणी असते. म्हणजे न्याय लाहीचाच. १८४० मध्ये शाफहॉइटल या जर्मन शास्त्रज्ञाने शिसपेन्सिलीतले ग्राफाइट गंधकाम्लाने फुगते, असे नोंदविले. आज ते आम्ल पापुद्र्यांत मुरवून एकदम कडक आच देतात. आत वायू होतो आणि थर दूर सरतात. २००४ साली मँचेस्टरला गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी तर साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकच थर सोडविला. २०१० चे नोबेल त्यांना मिळाले.

मग आमच्या रसवैद्यांना हे सारे ठाऊक होते काय? नाही. अभ्रकाचा एक थर मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढा. तो मोजायचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. पण विस्तवात काय घडते, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले आणि नीट लिहून ठेवले. शिक्षकबंधूंनो, मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. नसती बढाई नको, नि उगाच कमीपणाही नको. येत्या पंचमीला कढईपाशी बसून एवढेच विचारा, “दाणा का रे फुलला?”