पुदुक्कोट्टईच्या सायकलस्वार स्त्रिया

तमिळ मुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांचा एक नेम ठरून गेला आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना तंजावरला न्यावयाचे, बृहदीश्वराच्या देवळातील मराठी शिलालेख दाखवावयाचा, सरस्वती महालातील पोथ्यांपुढे उभे करावयाचे आणि व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत चाललेल्या भोसले राजवटीची कथा अभिमानाने सांगावयाची. त्यात वावगे काहीच नाही. परंतु तंजावरपासून दक्षिणेस साठेक किलोमीटरांवर पुदुक्कोट्टई आहे, आणि तेथे १९९१-९२ साली, आपल्या हयातीत, जो इतिहास घडला त्याच्याकडे पाहुण्यांची गाडी सहसा वळत नाही. तेथे दाखवण्याजोगा शिलालेख नाही, हे खरेच. ज्या वस्तूने तो इतिहास घडवला ती होती साधी सायकल.

पुदुक्कोट्टई हे तोंडैमान राजांचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले, आणि आपले मंडळ ज्या सुमारास आकार घेत होते त्याच सुमारास, १४ जानेवारी १९७४ रोजी, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तंजावरला कावेरीने न्हाऊ घातले; या शेजाऱ्याच्या वाट्याला आली ती कोरडवाहू जमीन, पावसावर भरणारी तळी आणि दगडांच्या खाणी. पुढे मद्रास विधान परिषदेत बसलेल्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी १८८६ साली येथेच जन्मल्या. मुलांच्याच म्हणून चाललेल्या महाराजा कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा केवढा गहजब झाला होता! परंतु त्यानंतर कित्येक दशके लोटली तरी खेड्यातल्या बाईला बाप, भाऊ किंवा नवरा यांच्यावाचून गावची वेस ओलांडणे अवघडच होते. बस आली तर आली; नाही तर पायपीट.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. १९९० साली केरळातील एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, आणि पाठोपाठ पुदुक्कोट्टईत ‘अरिवोळी इयक्कम’ म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ उभी राहिली. वर्ग चालवणारे कार्यकर्ते स्वयंसेवक होते आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. अडचण अगदी साधी निघाली. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी आडगावच्या वर्गाला पोहोचावयाचे कसे, आणि परतावयाचे कसे? जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी १९९१ साली ठरवले की या कार्यकर्त्या स्त्रियांना सायकल शिकवावी. थोड्याच दिवसांत शिकणाऱ्या बायकांनाही ती हवीशी झाली, आणि अक्षरओळखीच्या जोडीला सायकल हा साक्षरतेचाच एक धडा होऊन बसला.

येथून पुढची हकीकत मात्र कोणत्याही अधिकाऱ्याच्या हुकमाने घडलेली नाही. रविवारी गावोगाव शिबिरे भरत. कीळक्कुरिची नावाच्या खेड्यात तर शिकाऊ बायका सणावाराला नेसावीत तशी ठेवणीतली वस्त्रे नेसून सायकलपाशी जमत. आपल्यापैकी ज्यांनी भाड्याची सायकल आणून, दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत बालपणी गुडघे फोडून घेतले असतील, त्यांना प्रौढपणी, साडीचा घोळ सावरत, गावाच्या देखत हे शिकणे काय असेल याची कल्पना येईल. पाहणारे लोक काही मुके नव्हते. अचकट विचकट शेरे पडत, ते ऐकून न ऐकल्यासारखे करावे लागे. आणि मागे कॅरिअर धरून धावणारी कोण? तर थोड्याच दिवसांपूर्वी स्वतः शिकलेली दुसरी बाई. नुकत्याच शिकलेल्या या स्त्रियाच उत्तम शिक्षिका ठरल्या, आणि त्या एक पैसा न घेता शिकवीत. प्रत्येक बाईला हे आले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. चळवळीतल्या एका पुरुष कार्यकर्त्याने सायकलवर गाणे रचले आणि ते गावोगाव म्हटले जाऊ लागले.

१९९२ च्या आंतरराष्ट्रीय महिला दिनानंतर हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवीत, दीड हजारांहून अधिक सायकलस्वार स्त्रियांनी पुदुक्कोट्टई शहरातून फेरी काढली. एकंदर १ लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या आणि त्यांपैकी ७० हजारांहून अधिक जणींनी सार्वजनिक प्रात्यक्षिकांत व स्पर्धांत भाग घेतला. पत्रकार पी. साईनाथ यांनी या घटनेवर लिहिले म्हणून दूरदूरच्या वाचकांना ती कळली.

लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या. कित्येकींना तर त्याच अधिक पसंत पडल्या, कारण मधल्या दांडीवर पोर बसवता येते! पुण्यात पातळ नेसून सायकलवर जाणाऱ्या स्त्रीचे आमच्या वडीलधाऱ्यांना नवल वाटत नसे. परंतु ती बहुधा शाळा-कॉलेजातली वा नोकरीवर निघालेली. येथे शेतमजूर, खाणीतल्या कामकरी, परिचारिका, अंगणवाडीच्या सेविका, मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या अशा साऱ्या जणी होत्या. पाण्याची भांडी, विकावयाचा माल, पोरे, सारे त्या सायकलवर लादले जाई. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला, आणि एका गावात माल न खपल्यास पुढच्या गावी जाणे शक्य झाले.

एवढ्याने दारिद्र्य फिटले असे आम्ही म्हणत नाही. मजुरी सायकलीने वाढत नाही, आणि घरात एकच सायकल असली म्हणजे तिच्यावर पहिला हक्क कुणाचा, हे सांगावयास नको. पोटाची सोय करावयाची सोडून सायकली कसल्या शिकवता, हा आक्षेपही आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाही. मात्र तो घेणाऱ्यांत रोज सहा मैल चालणारी बाई क्वचितच आढळेल.

पुढे सरकारांनी सायकली वाटल्या. तमिळनाडूत २००१ नंतर विद्यार्थिनींना, आणि मग विद्यार्थ्यांनाही, त्या मिळू लागल्या; बिहारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी तशीच योजना आणली. बिहारच्या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची पटसंख्या ३२ टक्क्यांनी वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. या योजनांना अंदाजपत्रकात रकाना असतो. कॅरिअर धरून धावणाऱ्या बाईसाठी तसा रकाना कुठेही नाही, आणि पुदुक्कोट्टईतही तो नव्हता.

पुढल्या खेपेला पाहुणे आले की तंजावरहून गाडी तशीच खाली न्यावी. सित्तन्नवासलची जैन लेणी आणि त्यांतील कमळतळ्याचे चित्र जवळच आहे, तेवढे निमित्त पुरे. फक्त शाळा सुटावयाच्या वेळी रस्त्यावर असावे, आणि गाडी जरा हळू हाकावी.