साल १९६४ : एका रायफलीचं नाव तेच राहिलं, माल बदलला

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. बातमीसाठी तिथं उभा असलो की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "जुन्या बंदुकीची सर नव्याला नाही!" आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, उरल्या त्या शेतीराखणीच्या बंदुका. पण शिकारी रायफलींवरून अमेरिकेत हाच वाद साठ वर्षं चाललाय, आणि त्याला नेमकं साल आहे : १९६४.

विंचेस्टर कंपनीनं १९३६ साली 'मॉडेल ७०' आणली. मूळ कल्पना जर्मन माउझर ९८ ची. बोल्टला एक लांब पोलादी पंजा. मॅगझिनमधून काडतूस वर सरकलं की पंजा ते धरतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. समोर चवताळलेलं जनावर असताना, घाबरलेल्या हातानं बोल्ट ओढला तरी काडतूस अडकायची भीती कमी. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी याच माउझर घराण्यातली.

अडचण एकच. हे सगळं पोलादातून कोरून काढायचं, हातानं जुळवायचं. मजुरी वाढत गेली. त्यात १९६२ साली रेमिंग्टननं बनवायला सोपी, स्वस्त 'मॉडेल ७००' बाजारात उतरवली. मग विंचेस्टरनं १९६४ मध्ये खर्चाला कात्री लावली. पंजा गेला. दस्त्यावरची कोरीव जाळी गेली, तिथं दाबून उठवलेली नक्षी आली. नळी आणि लाकूड यांच्यात डोळ्याला खुपणारी फट दिसू लागली. गिऱ्हाईक भडकलं. 'प्री-सिक्स्टीफोर' हा शब्दच रूढ झाला आणि जुन्या रायफलींचा भाव चढला. शेवटी १९९२ साली कंपनीला पंजा परत आणावा लागला. २००६ मध्ये न्यू हेवनचा तो जुना कारखानाही बंद पडला.

म्हणजे 'जुनं ते सोनं' खरंच? थांबा. नेमाला नवी मॉडेल ७० कमी नव्हती. आज तर साधी, स्वस्त रायफलही शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभर जागेत बसवते. पूर्वी त्यासाठी निवडक रायफल लागायची. लाकडी दस्ता पावसात फुगतो, नेम हलतो. प्लास्टिकचा फुगत नाही. आणि जुन्यातला भंगार माल केव्हाच भंगारात गेला, आपण पाहतो ते टिकलेलंच.

मग लोक चिडले कशावर? माझ्या मते, नव्यावर नाही. नाव तेच, नंबर तोच आणि आतून काढून घेतलेलं, याच्यावर. स्वस्त वस्तू स्वस्त म्हणून विकली तर कुणाची तक्रार नसते. रेमिंग्टनची स्वस्त रायफल लोकांनी आनंदानं घेतलीच की!

आपल्या गावातले रस्ते, नळयोजनेचे पाइप, शाळेच्या खोल्या बघा. योजनेचं नाव तेच असतं. पंजा कुठल्या साली गेला, ते विचारायची सवय आपल्यालाही लागली पाहिजे.

तुमच्याकडची अशी 'प्री-सिक्स्टीफोर' वस्तू कोणती? खाली लिहा.