शाळेची जागा : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

गावच्या शाळेचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे आपण सामान्यतः मुख्याध्यापकांची नावे, देणगीदारांच्या रकमा व नावाजलेल्या विद्यार्थ्यांची यादी देतो. हे सारे योग्यच आहे. परंतु शाळा ज्या जमिनीवर उभी राहिली ती जमीन कोणी निवडली, कोणत्या कारणाने निवडली, आणि त्या निवडीमुळे कोणाची मुले आत आली व कोणाची उंबरठ्याबाहेर राहिली, हा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. जुन्या वर्गखोल्या पाडून नव्या बांधण्याचा प्रश्न आज गावोगावच्या ग्रामसभांपुढे व नगरपरिषदांपुढे येत असतो. अशा वेळी ‘शाळा आहे तेथेच बांधावी की गावाबाहेर न्यावी’ यावर मोठे वाद होतात. या वादाला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाची पूर्वपीठिका आहे. ती ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, या हेतूने हा अल्पसा लेख लिहिला आहे.

पेशवाईच्या काळी आपल्याकडे शाळा होत्या, परंतु शाळागृहे नव्हती. पंतोजी ज्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा वाड्याच्या पडवीत बसे, तीच शाळा. कऱ्हेकाठच्या बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत राहिले व १७९४ साली तेथेच निवर्तले, हे सर्वश्रुत आहे. त्या काळची विद्या अशीच आश्रयदात्याच्या घराशी बांधलेली होती. १८२४ नंतर मुंबई इलाख्यात एतद्देशीय शाळांची जी पाहणी झाली, तीत १७०५ शाळा व सुमारे ३५ हजार विद्यार्थी आढळले. या शाळांना स्वतःच्या इमारती जवळजवळ नव्हत्याच. पुढे १८३६ च्या सुमारास शेजारच्या पुरंदर तालुक्यात कॅप्टन शॉर्टरीड याने सरकारी खर्चाने गावोगाव मराठी शाळा काढल्या. त्याही बहुधा गावातील मिळेल त्या जागीच भरत.

याच काळात इंदापूर तालुक्यात एक अशी घटना घडली की, तिचा शाळांशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. प्रिंगलच्या पाहणीने बसविलेला सारा रयतेस झेपेना व जमिनी ओसाड पडू लागल्या, म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात जमिनीची नव्याने मोजणी व आकारणी केली. सबंध मुंबई इलाख्यात पुढे जी रयतवारी मोजणीची पद्धत चालली, तिचा पाया इंदापुरातच घातला गेला. या मोजणीत शेताला नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाले आणि खातेदाराचे नाव दप्तरात चढले. परंतु ज्यावर सारा घ्यावयाचा नाही त्या गावठाणाची अशी बारकाईने मोजणी करण्याचे कारण नव्हते. नकाशावर गावठाण हा नुसता एक तुकडा राहिला. त्याच्या आत कोणते घर कोणाचे, मोकळी जागा कोणाची आणि शाळेचे अंगण कोणाचे, हे केवळ वहिवाटीवर व लोकांच्या आठवणीवर चालले. त्याची झळ शाळांना पुढे बसली.

१८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला व त्याचा एकतृतीयांश भाग शाळांकडे जाऊ लागला. १८६५ साली बारामती व इंदापूर येथे नगरपालिका स्थापन झाल्या. म्हणजे शाळेसाठी पैसा आला आणि निर्णय करणारी स्थानिक मंडळीही आली. तरी लोकल फंडाची रक्कम तोकडी असल्यामुळे अनेक ठिकाणी शाळा देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीतच भरत राहिल्या. येथेच जागेचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न झाला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलास तो नाकारण्यात आला, व त्यावर बराच पत्रव्यवहार होऊन सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींस खुल्या असाव्यात हे तत्त्व कागदावर मान्य झाले. पण ज्या देवळात अस्पृश्य मानलेल्या मुलास पाऊल टाकू देत नसत, त्याच देवळात शाळा भरत असेल तर त्या तत्त्वाचा उपयोग काय? तोंडाने ‘शाळा सर्वांस खुली’ म्हणावयाचे व जागा मात्र अशी निवडावयाची की काहींना येताच येऊ नये, हा प्रकार फार वर्षे चालला. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन करून, शेतकऱ्याच्या कष्टाचा पैसा त्याच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, ही तक्रार स्पष्ट शब्दांत मांडली. १९२३ साली रावबहादूर बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी स्थळे अस्पृश्यांस खुली करावीत असे मुंबई कायदेमंडळाने ठरविले, तेव्हाही अंमलबजावणीचे घोडे गावोगाव अडलेलेच होते. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक जमिनीवर बांधलेले स्वतंत्र शाळागृह ही गोष्ट सोयीपुरती नव्हती. समतेची ती पहिली पायरी होती.

बारामतीकडे या प्रश्नास आणखी एक वळण मिळाले. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला व जिराईत जमीन बागायत झाली. १९१४ मध्ये दौंड-बारामती रेल्वे आली व पेठ वाढली. कालव्याखालची एकर दीड एकर जमीन शाळेसाठी सोडणे कोणासही जड जाणार, हे उघड आहे. म्हणून गावात जागा नाही व गावाबाहेर जमीन परवडत नाही, अशी कोंडी होऊ लागली. उलटपक्षी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरसारखी कारखान्याची वसाहत जेव्हा आखून उभी राहिली, तेव्हा घरे, रस्ते, दवाखाना व शाळा यांचा विचार एकत्र करता येतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

आधी आखणी व मग बांधणी, हा विचार कायद्यात येण्यास वेळ लागला. नगररचनेचा हिंदुस्थानातील पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. मुलांना शाळेत येण्याची सक्ती करावयाची तर त्यांना बसावयास जागा हवी, ही जाणीव त्यामुळे वाढली. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा करणे भाग पाडले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आराखड्यात शाळा, क्रीडांगणे, बाजार यांसाठी जमिनी राखून ठेवण्याची रीत पक्की केली. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात, त्यांची सुनावणी होते व मगच शासनाची मंजुरी मिळते. परंतु याच कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकास नोटीस देता येते. त्यानंतरच्या मुदतीतही काही न झाल्यास आरक्षण आपोआप संपुष्टात येते. तेव्हा नकाशावरील ‘प्राथमिक शाळा’ या दोन शब्दांवर विसंबून राहणारे गाव एके दिवशी त्याच जागी बंगले उठलेले पाहते. हरकतीची मुदत केव्हा संपते याकडे नागरिकांचे लक्ष नसेल, तर शाळेचा कैवार घेणारा दुसरा कोणी नसतो.

खेड्यांपुरता या इतिहासातील मोठा प्रसंग म्हणजे उजनी धरण. १९६६ साली भीमेवर या धरणाचे काम सुरू झाले व १९८० मध्ये ते पुरे झाले. इंदापूर, दौंड, करमाळा व कर्जत या तालुक्यांतील भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. आजही उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले म्हणजे पळसदेवचे जुने देवालय उघडे पडते व लोक ते पाहावयास जातात. देवळाचे शिखर दिसते, पण त्या गावांतील बुडालेल्या शाळा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ साली झाला, म्हणजे धरणाचे काम सुरू झाल्यावर दहा वर्षांनी. नव्या गावठाणात पिण्याचे पाणी, रस्ते, चावडी, स्मशानभूमी यांबरोबर शाळाही द्यावी, असे त्यात आले. एका अर्थी ही मोठी संधी होती. जुन्या गावात शाळेच्या जागेवर जे पिढीजात वाद होते, ते कोऱ्या नकाशावर नव्हते.

परंतु नकाशा कोरा असला तरी माणसे कोरी नसतात. अशाच एका पुनर्वसित गावी मी काही वर्षे शिक्षक होतो. तेथे शाळेची जागा वाहत्या हमरस्त्याच्या पलीकडे आखलेली होती. जागा प्रशस्त, हवा मोकळी आणि मैदानही मोठे. आखणी करणाऱ्याने क्षेत्रफळ अचूक मोजले होते, पण सहा वर्षांची पोर तो रस्ता कशी ओलांडणार, याचे माप कोठेच घेतलेले नव्हते. परिणाम असा झाला की, पहिली-दुसरीच्या मुलांना आया हाताला धरून आणीत, आणि ज्या आयांना पहाटेच मजुरीस जावे लागे त्यांची मुले घरी राहत. पटावर नाव असे, पण वर्गात मूल नसे. गावकऱ्यांनी पुष्कळ अर्ज केले. अखेरीस त्यांनीच पुढाकार घेऊन लहान वर्ग वस्तीतील समाजमंदिरात बसविले, तेव्हा हजेरी सुधारली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ज्यांची मुले त्या शाळेत जाणार होती त्यांना नकाशा काढतेवेळी कोणी विचारले नाही, एवढेच घडले.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या शाळा जागच्या जागी ठेवण्यातही धोका असतो, हे विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचे छत कोसळून तीन मुले दगावली. जुलै २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे दाट वस्तीतील एका शाळेस आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लाँग बीच येथे मार्च १९३३ मध्ये सायंकाळी भूकंप झाला व अनेक शाळागृहे ढासळली. मुले घरी गेलेली होती म्हणूनच मोठा अनर्थ टळला. तेथील विधिमंडळाने महिनाभरात कायदा करून शाळागृहांच्या बांधकामावर राज्याची देखरेख बसविली. धोकादायक वर्गाबद्दल गावाने हळवे होऊन चालत नाही. ‘आमच्या आजोबांनी बांधलेली शाळा’ या भावनेपेक्षा नातवाचा जीव मोलाचा आहे.

तथापि इमारत पाडणे व जागा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची नेहमी गल्लत होते. वर्गखोलीचे निर्लेखन मंजूर झाले, जुने बांधकाम उतरविले, आणि मग नव्या इमारतीसाठी जागेचा कागद मागितला म्हणजे गावाची तारांबळ उडते. अनेकदा सातबारा शाळेच्या नावाचा नसतो, कारण जागा गावठाणात असते, आणि गावठाणाची मोजणीच झालेली नसते! इंदापूरच्या मोजणीत जी उणीव राहिली तिचे फळ असे दीड-पावणेदोन शतकांनी पदरात पडते. या दशकात ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम झाले आहे व त्याचा आरंभीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. आपापल्या घराची पत्रिका आपण तत्परतेने घेतो. शाळेच्या अंगणाची नोंद कोणाच्या नावे झाली, हे किती जणांनी पाहिले?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळागृहाचे किमान माप ठरविले आहे : प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अडथळ्याविना प्रवेश, क्रीडांगण व कुंपण. महाराष्ट्राच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे ठरविले. त्याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम या समितीचे आहे. दुसरीकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा वाड्यावस्त्यांवरील पालकांत मोठी चिंता पसरली. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक व साधने अधिक, हे खरे. परंतु अंतर वाढले की प्रथम कोणाचे शिक्षण सुटते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. ऊसतोड मजुराचे, मेंढपाळाचे, आणि बहुधा मुलीचे.

मुलींचा उल्लेख आला म्हणून पुण्याच्या भिडे वाड्याचे स्मरण होते. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा ज्या वाड्यात काढली तो बुधवार पेठेतील वाडा गजबजलेल्या वस्तीत होता, आणि मुलींना पायी येता यावे असे ते ठिकाण होते. पुढे तो मोडकळीस आला, भाडेकरूंचा व महानगरपालिकेचा वाद दीर्घकाळ न्यायालयात चालला, आणि २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर स्मारकासाठी तो पाडण्यात आला. इमारत गेली तरी जागेचे महत्त्व गेले नाही. स्मारक तेथेच व्हावे हा आग्रह लोकांनी धरला, तो याच कारणाने.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य एवढेच. शाळेच्या पुनर्बांधणीचा ठराव आपल्या ग्रामसभेपुढे वा नगरपरिषदेपुढे येईल, तेव्हा बांधकामाच्या रकमेआधी तीन गोष्टी विचाराव्या : जागेचा कागद कोणाच्या नावे आहे, वस्तीतील सर्वांत लहान व सर्वांत गरीब मूल तेथे एकटे चालत येऊ शकेल काय, आणि जुनी खोली पाडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत वर्ग कोठे भरणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘देवळात’ असे असेल, तर त्या देवळात गावचे प्रत्येक मूल निःशंकपणे बसेल काय, हेही तेथल्या तेथे विचारावे. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आज सदस्य, अभियंते, सर्वेक्षक, ग्रामसेवक म्हणून अशा ठरावांवर सह्या करतात. त्यांनी सही करण्यापूर्वी एक वेळ त्या जागेपर्यंत, शाळा भरण्याच्या वेळी, वस्तीच्या शेवटच्या घरापासून पायी चालून जावे, एवढी या निवृत्त शिक्षकाची विनंती आहे.