चेंडू कुणाकडे द्यावा?

वाचकहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शाळा-कॉलेजांचे सामने पाहायला गेलात, तर एक हाक हमखास कानी येते : "अरे, पास दे! आता मार!" ही हाक पोरांचे मास्तर देत असतात. मीही काही वर्षे ती देत होतो. विषय माझा इतिहास. परंतु कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारी माझ्याकडे आली होती. एका सामन्यात आमच्या मुलाच्या हाती चेंडू आला, समोर वाट मोकळी होती, अन् त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात चेंडू गेला, सामनाही गेला. पोरगा खाली मान घालून बसला, पण चूक माझी होती. मी त्याला ऐकायला शिकवले होते, बघायला नव्हे.

मग मी या खेळाचा इतिहासच उघडला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या, फुटबॉलचा चेंडू आणि दोन्हीकडे नऊ-नऊ गडी. त्याच्या १३ नियमांपैकी एक असा : चेंडू घेऊन पळायचे नाही, जिथे झेलला तिथूनच तो टाकायचा. धसमुसळेपणा टळावा हा हेतू. परंतु त्यामुळे पायांना लगाम बसला आणि डोळ्यांना काम मिळाले. टप्पे देत चेंडू नेण्याची मुभा पुढे आली, तरी प्रश्न उरलाच : आता कुणाकडे?

आता आपला खो-खो बघा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर या जुन्या खेळाचे नियम बांधण्यात आले. पाठलाग करणाऱ्याने एकदा खांबाची दिशा धरली की मध्येच मागे फिरायचे नाही. बसलेल्यांच्या मधून पलीकडे जायचे नाही. मग करायचे काय? योग्य गड्याला, योग्य क्षणी, पाठीमागून खो द्यायचा. गडी इथेही नऊच! दोन्ही खेळ एकमेकांपासून हजारो कोस दूर वाढले; पण शिकवण एकच. स्वतःची वाट अडली की सोबत्याची वाट ओळखावी लागते. खो लवकर दिला तरी पळणारा निसटतो, उशिरा दिला तरी निसटतो. हा हिशेब बाहेरून ओरडून जमत नाही.

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाचे डेव्हिड बंकर व रॉड थॉर्प यांनी १९८२ साली हेच मांडले : मुलांना आधी खेळ समजू द्यावा, हातोटी त्यामागून शिकवावी.

आमच्या संघातली बरीच मुले गावाकडे खो-खो खेळूनच आलेली होती. म्हणजे समज त्यांच्यापाशी होती. माझ्या आरडाओरड्याने ती झाकली गेली होती. तेव्हापासून सरावात मी तिघांविरुद्ध दोघे असा छोटा खेळ लावतो आणि गप्प उभा राहतो. खेळ थांबला की एवढेच विचारतो, "तुला काय दिसलं रे?"

पहिल्या दिवशी उत्तर आले नाही. मग एका संध्याकाळी त्याच मुलाने माझ्याकडे न पाहता पास दिला. तो चुकला. "सर, तो मोकळा दिसला, पण मी उशीर केला," असे तो आपणहून म्हणाला. वाचकहो, त्या चुकलेल्या पासचा मला जितका आनंद झाला, तितका कुठल्याही ढालीचा झाला नव्हता.