4 ऑक्टोबर 2021 : राउटर ठीक होता, पत्ता हरवला होता

लाखनी गावात व्हॉट्सॲप बंद पडलं त्या रात्री ते जगभर बंद होतं. वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

सोमवार, सकाळ
ग्रामीण महाराष्ट्रात पाचवी ते बारावीच्या शाळा आज पुन्हा उघडल्या. कोरोनाच्या दीड वर्षात बराच अभ्यास आणि सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर चालल्या. अनेक घरांत नेट म्हणजे हेच ॲप झालं होतं.

रात्री 9.10
फेसबुकमध्ये नेहमीची देखभाल सुरू होती. जाळ्याची क्षमता तपासायला दिलेल्या कमांडने डेटा सेंटरांना जोडणारे सगळे दुवे तोडले. अशी कमांड अडवणाऱ्या तपासणी यंत्रणेतच दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटताच डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांनी इंटरनेटला दिलेले स्वतःकडे येण्याचे मार्ग मागे घेतले. राष्ट्रीय महामार्गावरच्या लाखनीच्या पाट्या कुणी उपटून न्याव्यात, तसं झालं. गाव जागेवरच, पण वाट कुणाला सापडेना.

9.21
क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या तज्ज्ञांनाही आधी वाटलं, आपलीच 1.1.1.1 ही डीएनएस सेवा बिघडली. त्यांनी तपास सुरू केला.

9.28
उलगडा झाला : फेसबुकच्या डीएनएसकडे जाणारे मार्गच गायब. फेसबुक आणि त्याच कंपनीची इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, तिन्ही बंद.

9.30 नंतर
अशा वेळी घरोघरी हात राउटरकडेच जातो. बंद-चालू करण्यात नुकसान नाही. मात्र मागच्या छिद्रात टाचणी खुपसून रिसेट केलं, तर कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं आणि धडधाकट कनेक्शनही बंद पडू शकतं.

मध्यरात्र
दुरून दुरुस्ती शक्य नव्हती, कारण जाळंच बंद होतं आणि फेसबुकची अंतर्गत साधनंही त्याच डीएनएसवर होती. अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये पाठवलं. तिथल्या कडक सुरक्षेत वेळ गेला. इकडे लोक आणि ॲप पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. 1.1.1.1 वर फेसबुकच्या या सेवांच्या नावांची विचारणा 30 पट झाली.

मंगळवार, पहाटे 2.47 ते 2.58
मार्गांच्या पुन्हा सुरू झालेल्या घोषणा 2.47 ला शिगेला पोहोचल्या. 2.50 ला फेसबुकचं नाव सापडू लागलं, 2.58 पर्यंत फेसबुक इंटरनेटला पुन्हा जोडलं गेलं. सुमारे सहा तास गेले होते.

पुढच्या वेळेसाठी
आधी दिवे पाहा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल असेल, तर तार बहुधा तुटली किंवा वाकली आहे. थेट तक्रार करा. दिवे नीट असतील, तर दुसरी साइट उघडा. ती उघडली तर बिघाड पलीकडचा, थांबा. एकही उघडत नसेल, तर संगणकावर ‘ping 8.8.8.8’ ही कमांड द्या. उत्तर आलं, तर लाइन चालू आहे आणि अडचण बहुधा डीएनएसची. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 ही सार्वजनिक सेवा टाका.

आणि शाळेचा, दवाखान्याचा, शेजाऱ्याचा नंबर साध्या फोनमध्येही ठेवा. त्या रात्री साधा कॉल आणि एसएमएस चालू होते. गावाचा सगळा निरोप एकाच कंपनीच्या ॲपवर सोडणं धोक्याचं आहे.