कुठी पडलं बे?

डिसेंबर १९७५. सरकारच्या एकाधिकार खरेदीत कापूस मोजून झालाय, पहिला चुकारा खिशात आहे आणि बडनेऱ्याहून रात्रीची मेल धरून तुम्ही मुंबई गाठलीय. घरी सांगितलंय, फवारणीचा पंप पाहायचाय. पाहायचाय खरं तर 'शोले', तोही 'मिनर्व्हा' थिएटरातच.

सिनेमा ७० मिमीचा. अमिताभ नाणं उडवतो. खण्ण! आवाज पडद्यावरून निघतो आणि थेट तुमच्या रांगेत येतो. सोबतचा मित्र वाकून खुर्चीखाली हात घालतो. "कुठी पडलं बे?" लाजायचं कारण नाही, पुढच्या रांगेतले मुंबईकरही वाकलेत.

पडलं कुठंच नाही. प्रिंटवर सहा चुंबकीय ट्रॅक आहेत. पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी, सहावा हॉलमधल्यांसाठी. लंडनला मिक्सिंग करताना एकाचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवला, एवढीच करामत. स्पीकर जागचे हलत नाहीत. आवाज एका कानावर जरा आधी, जरा जोरात येतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तेवढ्यावरून जागा ठरवतो आणि मधल्या रिकाम्या हवेत नाणं धावू लागतं. त्यातून ते दोन्हीकडून छापाच असलेलं नाणं!

अजून चाळीस वर्षं मागं चला. १९३५, लंडनजवळचं हेज. बोलपटात नट पडद्याच्या एका टोकाला नि आवाज भलतीकडून, हे इंजिनिअर ॲलन ब्लूमलाइनला खटकलं होतं. १९३१मध्ये त्यानं स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्जही केला. आता तो स्टेशनातल्या गाड्यांवर प्रयोग करतोय. इंजिन पडद्यावर सरकतं तसा आवाजही सरकतो. तुम्हाला आधी त्यात काही विशेष वाटत नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर डोळे मिटूनही मेल कुठून आली ते कळतंच की! पण इथं गाडी नाही, नुसते स्पीकर आहेत.

मग पुन्हा तुमच्या काळात, अकोला. तोच 'शोले', पण ३५ मिमीचा, आणि सगळा आवाज पडद्यामागून, एकाच जागेवरून. नाणं उडतं, पडतं, कोणी वाकत नाही. तुम्ही शेजाऱ्याला मुंबईची बढाई सांगायला तोंड उघडता, तोच हेलन येते, 'मेहबूबा' सुरू होतं आणि मागच्या रांगांतून चिल्लर सुटते. डोक्यावरून, खणखणत, पार पडद्याच्या पायथ्याशी. पुढची पोरं खाली वाकतात. त्यांना नाणी सापडतात.